रुळांची वेळ आणि रुळांचे माप

नोकरीच्या निमित्ताने चेन्नईस आलेल्या मराठी माणसाला नुंगंबाक्कम ठाऊक होते ते तेथील सरकारी कचेऱ्यांमुळे आणि लोकल गाडीच्या स्थानकामुळे. कॉलेज रस्त्यावरील हवामान खात्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे, याची दखल मात्र फारसे कोणी घेत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली येथे वेधशाळा बांधली, तेव्हा आकाशाचे वेध घेणाऱ्या दुर्बिणीला अचल आधार असावा म्हणून तो रोवला गेला. याच वेधांवरून ठरलेली ‘मद्रास वेळ’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील आगगाड्यांची वेळ झाली. मुंबईच्या घड्याळापेक्षा ती सुमारे अर्धा तास पुढे होती. पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ साली ती मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना लागू केली. पण मुंबईकरांनी ती मनापासून कधीच स्वीकारली नाही. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, आणि मद्रास वेळ इतिहासजमा झाली.

हे स्मरण करण्याचे कारण असे की, खऱ्या आगगाड्यांसाठी जे काम वेधशाळेने केले, त्याच जातीचे काम आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्या छंदिष्टांसाठी काही मासिकांनी केले आहे. तेथे प्रश्न वेळेचा नव्हता, मापाचा होता.

पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ काढले. हेन्री ग्रीनली यांनी १९०९ साली केवळ प्रतिकृतींच्या रेल्वेला वाहिलेले मासिक सुरू केले, आणि १९१६ साली फ्रँक हॉर्नबी यांचे ‘मेकॅनो मॅगझिन’ निघाले. अमेरिकेत जानेवारी १९३४ मध्ये, मंदीचे दिवस असताना, अल कालम्बाख यांनी मिल्वॉकी येथून ‘मॉडेल रेलरोडर’ आरंभिले. त्या काळी एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर सुरळीत धावेलच, अशी खात्री नसे. १९३५ साली त्याच शहरात छंदिष्ट, कारखानदार आणि प्रकाशक एकत्र आले आणि त्यांनी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापून रूळ व चाके यांची समान मापे ठरविण्याचे काम हाती घेतले.

असे मासिक काढणे हे वरवर पाहता हौशी, पण प्रत्यक्षात फार काटेकोर काम आहे. सत्त्याऐंशीस एक या प्रमाणाच्या आराखड्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर मूळ गाडीवर ती चार सेंटिमीटरांहून मोठी ठरते. वाचक छापील आराखड्यावर थेट पत्रा ठेवून कापणार. कागद तर दमटपणाने फुगतो आणि कोरडा पडला की आकसतो. म्हणून आराखड्याशेजारी मापपट्टीही छापावी लागते. छायाचित्र घ्यायचे तर भिंग फलाटावरील बोटभर उतारूच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावे लागते. वरून घेतलेल्या चित्रात गाडी खेळणेच दिसते. एवढे करूनही चूक राहिली, तर ती शेकडो घरांतील टेबलांवर धातूत आणि लाकडात उतरते. दैनिकातील चूक दुसऱ्या दिवशी विसरली जाते. या चुकीला चाके लागतात.

चूक किती चिवट असते, याचे उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान. तेव्हाच्या मोटारी त्यांच्या प्रतिकृतींत मावत ना. म्हणून वरचा सांगाडा एका फुटास चार मिलिमीटर या प्रमाणाने मोठा केला आणि खालचे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचेच ठेवले. खरे पाहता ते १८.८३ मिलिमीटर हवे होते. सोयीसाठी केलेली ही तडजोड पुढे रूढ झाली. १९४९ साली निघालेल्या ‘रेल्वे मॉडेलर’सारख्या मासिकांना त्याच मापात नांदणाऱ्या बहुसंख्य वाचकांना सांभाळावे लागले, आणि अचूकतेचा आग्रह धरणाऱ्यांना स्वतंत्र मंडळे काढावी लागली. मुंबईकरांचे घड्याळप्रेम आठवले, तर यात नवल वाटू नये.

आपल्याकडे ही हौस नाही असे नव्हे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. अडचण आहे ती मापाची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा आणि मीटरगेज १००० मिलिमीटरांचा. त्याच सत्त्याऐंशीस एक प्रमाणात ते अनुक्रमे १९.३ आणि ११.५ मिलिमीटर होतात. परदेशी मासिकांतील बहुतेक आराखडे १४३५ मिलिमीटरांच्या रुळांसाठी आखलेले असल्यामुळे ते आपल्याला जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

नुंगंबाक्कम स्थानकावरून १९३१ पासून धावणाऱ्या विजेच्या मीटरगेज लोकल २००४ साली बंद झाल्या. त्यांतून रोज कचेरीला गेलेली आपली माणसे त्या आठवतील. पण डब्याची उंची, खिडकीची रुंदी, पायरीचे अंतर आठवणीवरून सांगता येत नाही. ते कोणी तरी फूटपट्टी घेऊन मोजावे लागते, कोणी तरी काढावे लागते आणि कोणी तरी न चुकता छापावे लागते. छंदाचे मासिक हे काम मुकाट्याने करते. गाडी भंगारात गेल्यावर ती पुन्हा उभी करण्याचे साधन बहुधा त्याच्याच जुन्या अंकांत सापडते.