आतड्यांच्या तपासणीनंतर: प्रस्तावना

पाचोऱ्याहून जळगावला किंवा नाशिकला मोठ्या आतड्याची दुर्बीण करायला गेलेला रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो. रात्री पोटात दुखू लागले की तो गावातल्या आपल्या डॉक्टरांचेच दार ठोठावतो. म्हणून या तपासण्यांतली दुर्मिळ गुंतागुंत हा फक्त शहरातल्या तज्ज्ञांचा विषय नव्हे. तालुक्यातले डॉक्टर, परिचारिका आणि जिज्ञासू वाचक, सर्वांचे या अभ्यासात स्वागत आहे.

पांथरीचेच पाहा. मोठे आतडे डाव्या बरगड्यांखाली जिथे वळते, तिथे ते एका पातळ बंधाने पांथरीशी जोडलेले असते. दुर्बीण त्या वळणावरून सरकताना हा बंध ताणला गेला, तर क्वचित पांथरीचे आवरण फाटते आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. १९७४ मध्ये अशी इजा प्रथम नोंदली गेली. लक्षणे बहुधा चोवीस तासांत दिसतात, कधी काही दिवसांनी. डाव्या बाजूला वर दुखते, चक्कर येते. कधी दुखतो तो डावा खांदाच. तेवढ्यावर वेदनाशामक गोळी देऊन रुग्णाला घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी तातडीने पाहिलीच पाहिजे. शंका उरली तर सीटी स्कॅन.

आतड्याला छिद्र पडणे जास्त परिचित, तरी निदानापुरत्या दुर्बिणीत त्याचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. पोट कडक झाले तर उभ्याने एक्स-रे काढावा. श्वासपटलाखाली हवा दिसली की निदान झाले. मात्र एक्स-रे स्वच्छ आला म्हणून छिद्र नाहीच, असे समजू नये. अशा शंकेत बेरियम देऊ नये. ते विष्ठेसह पोटाच्या पोकळीत गेले, तर तीव्र दाह होतो.

गिळायच्या कॅमेरा-कॅप्सूलला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे आतड्याच्या क्षयरोगाने मार्ग अरुंद झालेले रुग्ण आढळतात, त्यांच्यात ती अडकण्याची भीती अधिक. ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये.

या तपासण्या टाळाव्यात, असा याचा अर्थ मुळीच नाही. कर्करोग वेळेत सापडतो तो त्यांच्यामुळेच. मागणी एवढीच, की पोटदुखीवर औषध लिहिण्यापूर्वी गेल्या पंधरवड्यात कोणती तपासणी झाली ते विचारावे. आणि तपासणी करणाऱ्यांनी रुग्णाच्या हाती धोक्याच्या लक्षणांचा मराठी कागद व फोन नंबर द्यावा.