तगरचा कापूस आणि उसाचे प्लास्टिक

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जाई. ते तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असतो: झाडाने साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून केलेली लांब साखळी, म्हणजेच पॉलिमर. 1862 साली लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी मांडलेले आद्य प्लास्टिकही सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेले होते. खनिज तेलाच्या प्लास्टिकने घरे व्यापली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. वनस्पतीपासून प्लास्टिक होते का, हा प्रश्न त्यामुळे कधीच सुटलेला आहे. ते कोणत्या पिकापासून करायचे, हे ठरवायचे राहिले आहे.

आज त्याचे उत्तर ऊस असे दिले जाते. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए हे प्लास्टिक बनते; 2024 मध्ये जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. हे तंत्र मोलाचे आहे. पण एक किलो पीएलएला सुमारे दीड किलो साखर, म्हणजे दहा टक्के उताऱ्याने पंधरा किलो ऊस लागतो, आणि किलोभर साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी जाते असा अंदाज आहे. तेरच्या शेजारच्या लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच दुष्काळी पट्ट्यात हा हिशेब मांडायचा आहे. ऊस वाढवू नका, आहे त्याच साखरेचे प्लास्टिक करा, असे कोणी म्हणेल. पण नवे गिऱ्हाईक आले की लागवड वाढतेच. शिवाय पाऊस हुकला की साखर आधी ताटाकडे वळवली जाते: डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तसेच प्लास्टिकच्या कारखान्याचेही होईल.

म्हणून पावसावर येणाऱ्या पिकांच्या काडाकडे बघायला हवे. सरसकट नव्हे, कडबा जनावरांचा आहे. तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या मात्र चुलीत जातात किंवा बांधावर पेटवल्या जातात. त्यांतले सेल्युलोज लिग्निन या लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्यात घट्ट अडकलेले असते, ते सोडवून साखर काढणे खर्चाचे आहे, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च संशोधनाने उतरू शकतो. उसाची तहान तशी उतरणार नाही.