डोळा आणायचा कुठून?

नेत्रपेढीसाठी रात्री-बेरात्री मयताच्या घरी जाणं हे माझं काम. ‘पंखा बंद ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवा’ हे फोनवर सांगून तोंडपाठ झालंय. घरी पोचलं की कुणीतरी हटकून विचारतं, “अख्खा डोळा बसवतात का हो?” नाही. बसवतात ते फक्त पुढचं पारदर्शक बुबुळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून माणूस गेल्यावरही सहा तासांपर्यंत ते काढून घेता येतं.

हे बसवण्यात पहिलं यश आलं मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी, ७ डिसेंबर १९०५ रोजी. रुग्ण आलोइस ग्लोगर, शेतमजूर. चुना उडून दोन्ही डोळे गेलेले. आणि बुबुळ कुणाचं? ११ वर्षांच्या जिवंत मुलाचं! धातूचा तुकडा घुसल्याने त्याचा डोळा काढावाच लागला, पण बुबुळ शाबूत होतं. डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी त्यातून ग्लोगरच्या दोन्ही डोळ्यांवर कलमं केली. एक फुकट गेलं, दुसरं स्वच्छ राहिलं.

पाठ्यपुस्तकं झिर्मपाशी रेंगाळतात. मला विचाराल तर खरा माणूस ओदेसाचा फिलातोव. झिर्मकडे हात होता, हत्यार होतं. पण डोळा काढावा लागणाऱ्या मुलाची वाट किती बघणार? १९३०च्या दशकात फिलातोव यांनी मृतांचे डोळे थंडाव्यात ठेवून त्यांची बुबुळं बसवून दाखवली, आणि गाडं हललं. पुढे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. पेटन यांनी नेत्रपेढी काढली, पाठोपाठ १९४५ साली मद्रासला डॉ. मुथैय्यांनी.

आता प्रश्न उरला घरच्यांच्या होकाराचा. ‘पुढच्या जन्मी आंधळा होईल’ हे मी दारात कितीदा ऐकलंय! शिबी राजा आपल्यालाही ठाऊक आहे, पण आपल्या कथेत तो कबुतरासाठी मांडीचं मांस देतो. बौद्ध जातकात मात्र तो डोळेच काढून देतो. ती कथा ऐकत वाढलेल्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वांनी डोळे मागितले. १९६० साली आई वारली, तेव्हा तिचेही दिले. १९६४ साली त्यांनी बर्फ भरलेल्या थर्मासमधून सिंगापूरला डोळे पाठवले. तेव्हापासून तो चिमुकला देश जगाला बुबुळं पुरवतोय.