दिव्यांग प्रमाणपत्र (महाराष्ट्र)

दिव्यांग प्रमाणपत्र : व्यक्तीच्या दिव्यांगत्वाचा प्रकार व त्याची टक्केवारी नोंदवणारा, शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा मंडळाने दिलेला दाखला. संजय गांधी योजनेचे अनुदान, एसटीची सवलत, परीक्षेतील लेखनिक, नोकरीतील राखीव जागा, कृत्रिम पाय किंवा श्रवणयंत्र यांपैकी काहीही मिळवायचे तर बहुधा हाच कागद आधी मागितला जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यासाठीची मदत मात्र आरोग्य, महसूल, ग्रामविकास, परिवहन, शिक्षण अशा अनेक खात्यांत विखुरलेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, आयुक्तालय पुण्यात आहे. तरी प्रत्येक दारी वेगळा अर्ज करण्याची गरज संपलेली नाही. म्हणून मदतीचा शोध कोठून सुरू करावा, याचे खरे उत्तर प्रमाणपत्रापासून, असेच आहे.

कायदा : १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार यांच्या जोडीला स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्याचे बळी, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली. सिकलसेलचा समावेश महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे, कारण विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाला वारंवार असह्य वेदना होतात, शाळा बुडते. त्याला आता प्रमाणपत्र मिळू शकते. परंतु येथे एक मोठी उणीव राहिली आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागा २१ही प्रकारांना खुल्या आहेत, तर शासकीय नोकरीतील चार टक्के आरक्षण ज्या गटांना दिले आहे त्यांत रक्तविकार नाहीत. सिकलसेल असलेला विद्यार्थी राखीव जागेतून पदवी घेतो आणि नोकरीच्या अर्जात त्या रकान्यापाशी अडतो. ही त्रुटी दूर व्हायला हवी.

मिळवण्याची रीत : १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवरून दिले जाते. त्याबरोबर यूडीआयडी नावाचे ओळखपत्रही मिळते आणि दोन्ही देशभर ग्राह्य असतात. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांखालील कार्ड पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यानचे पिवळे आणि ८० टक्के व त्यावरील निळे असते. अर्ज मोबाइलवरून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि उपचाराची कागदपत्रे लागतात. फोटोत केवळ चेहरा दिसला की पुरे. व्यंग दिसेल असा फोटो आणायला कोणी सांगितले, तर नियमांत तसे कोठेही नाही.

तपासणी जिल्हा रुग्णालयात, काही उपजिल्हा रुग्णालयांत किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होते. वैद्यकीय मंडळाचे वार ठरलेले असतात, आणि अस्थिव्यंगाचा वार वेगळा, डोळ्यांचा वेगळा असेही असते. तो वार फोनवर विचारून घेतल्याशिवाय निघू नये, कारण गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या आतल्या गावातून व्हीलचेअर बसच्या टपावर टाकून आलेल्या माणसाला ‘पुढच्या बुधवारी या’ हे वाक्य शंभर-दीडशे किलोमीटरला पडते. लहान मुलाच्या श्रवणशक्तीसाठी बेरा चाचणी करतात, त्यासाठी मूल गाढ झोपलेले लागते. आई त्याला पहाटे उठवून आणते, रांगेत जागे ठेवते आणि नंबर आला की झोपवते. नेमके तेव्हाच नाव पुकारले नाही तर सगळे परत. बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी लागते, आणि जिथे तो नाही तिथून मोठ्या रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. मुंबईत अध्ययन अक्षमतेची तपासणी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होते. अर्जदार बहुधा अर्ज भरताना नव्हे, या फेऱ्यांतच हरतो. गावात आशाताई किंवा दिव्यांग संघटनेचा कार्यकर्ता सोबत आला तर बरेच हेलपाटे वाचतात.

टक्केवारी : सगळे लाभ या आकड्याभोवती फिरतात. तो कसा काढायचा याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने प्रसिद्ध केल्या आहेत. दोन दोष असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब धरून, ब ला (९० उणे अ) ने गुणून ९० ने भागतात व ते अ मध्ये मिळवतात. पायाचे ३० टक्के आणि हाताचे ३० टक्के असतील तर उत्तर ६० नव्हे, ५० येते. एक दोष ३० आणि दुसरा १२ टक्के असेल तर बेरीज ४२ दिसते, पण सूत्राने ३८ येतात आणि माणूस लाभाच्या ४० टक्क्यांच्या उंबरठ्याबाहेर राहतो. मंडळावर राग काढण्याआधी हे गणित स्वतः करून पाहावे. मंडळाने एखादा दोष मोजलाच नसेल, तर तेही यातूनच लक्षात येते. स्थिती बदलण्याची शक्यता असेल तेव्हा मुदतीचे प्रमाणपत्र देतात, नसेल तर कायमचे. मुदतीचे प्रमाणपत्र संपण्यापूर्वी नूतनीकरण केले नाही तर अनुदान थांबू शकते.

प्रमाणपत्रानंतर : निर्वाहासाठी पहिली जागा म्हणजे तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखा. १९८० पासून चालू असलेल्या या योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले. उत्पन्नाचा दाखला, रहिवास आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. वर्षाकाठी हयातीचा दाखला देणे विसरू नये. केंद्राच्या राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी मात्र ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद या अटी आहेत.

सर्वांत दुर्लक्षित स्रोत गावातच असतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तो खर्च झाला का, कशावर झाला, हे ग्रामसभेत विचारता येते आणि विचारावेच. जिथे कोणी विचारत नाही तिथे हा पैसा मार्चअखेर घाईघाईने वाटला जातो किंवा पडून राहतो.

प्रवासात एसटीच्या साध्या गाडीत भाड्याची ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत सगळ्यांना नाही: अंध, सोबतीशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता असलेले आणि पूर्णतः मूकबधिर, एवढ्यांनाच ती मिळते. परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ यांसाठी शाळा-महाविद्यालयाकडे परीक्षेच्या बरेच आधी अर्ज करावा लागतो. तीनचाकी, कॅलिपर, श्रवणयंत्र अशी साधने केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात. ही साधने बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्कोच्या शिबिरांत माप घेऊन ती नंतर वाटतात. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (स्थापना १९५५) आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था (१९८३) येथे तपासणी व पुनर्वसन दोन्ही होते. कोल्हापूरची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली संस्था वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार यांचे काम करते. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या व्यक्तीने चालवलेल्या अशा कामाचे मोल वेगळे, कारण तिथे येणाऱ्याला आपली अडचण मुळापासून समजावून सांगावी लागत नाही.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. याच न्यासाकडे कायदेशीर पालकत्वाची सोय आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते, ही गोष्ट बहुतेक घरांना बँकेच्या खिडकीपाशी कळते: मुलाच्या नावावरची रक्कम काढता येत नाही, वारसाहक्काची सही अडते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. हे काम आईवडील हिंडते-फिरते असतानाच उरकून ठेवावे. त्यांच्यानंतर भावंडांवर ते फार अवघड होऊन पडते.

नकार आणि दाद : प्रमाणपत्र नाकारले किंवा टक्केवारी पटली नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. नकार कारणांसह लेखी मागावा, नुसते तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परतू नये. खोट्या माहितीवर लाभ घेणाऱ्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खोटी प्रमाणपत्रे शोधण्याच्या पडताळणीत खऱ्या दिव्यांगांनाही पुन्हा रांगेत उभे केले जाते, तेव्हा मूळ तपासणीचे कागद जपून ठेवलेले कामी येतात. सवलत किंवा हक्क नाकारल्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. वकील लागला तर दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.