शेत कुणाचं, हरीण कुणाचं?

मार्च 1525. दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेन गावात शेतकऱ्यांच्या बारा मागण्या कागदावर उतरल्या. त्या लिहिण्यात मोठा हात होता झेबास्टियान लोत्सर या कारागिराचा. फरचे कपडे शिवणं हा त्याचा धंदा. युरोपातला छापखाना तेव्हा जेमतेम पाऊणशे वर्षांचा होता, तरी बघता बघता या पत्रकाच्या सुमारे 25,000 प्रती निघाल्या. आजच्या भाषेत, पत्रक व्हायरल झालं.

या मागण्या आठवल्या जातात त्या मुख्यतः वेठबिगारीविरुद्धचा आवाज म्हणून. मी मात्र चौथ्या मागणीपाशी अडकलो. तिचा मथितार्थ असा: गरिबाला हरीण, पाखरू, मासा यांतलं काहीही धरायची मुभा नाही. सरदार शिकारीसाठी जनावरं राखतात, ती आमचं उभं पीक खातात आणि आम्ही गप्प बसून बघायचं.

मी विदर्भातला. आमच्या सात एकरांत हरभरा वर आला की बाबा जागलीला जायचे. रोही आणि रानडुक्कर हाकलायला टॉर्च, पत्र्याचा डबा आणि आवाज, एवढीच हत्यारं. त्यामुळे पाचशे वर्षांपूर्वीचं हे गाऱ्हाणं समजायला मला तळटीप लागली नाही.

तो उठाव काही महिन्यांत चिरडला गेला. मेलेल्यांचा आकडा 70,000 ते 1,00,000 सांगतात. पुढची सव्वातीनशे वर्षं शिकार हा प्रामुख्याने राजे-सरदारांचा हक्क राहिला. शेतकऱ्याने सरदाराच्या शिकारीत हाकारे घालायला जायचं, तेही फुकट. रात्री शेत राखायचं, पण जनावराला इजा करायची नाही. कित्येक ठिकाणी शेतकऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी लोढणं बांधायची सक्ती होती, म्हणजे त्याला हरणामागे धावता येऊ नये. आपल्याकडे लोढणं ओढाळ गुरांना बांधतात. तिथे ते राखणदाराच्याच गळ्यात होतं.

नोकरीसाठी मी याच भागात राहतो. गेल्या जुलैच्या शेवटी ऑफिसमधल्या सहकाऱ्याचे वडील मला संध्याकाळच्या शिकारीला सोबत घेऊन गेले. शिकार ‘रे’ची. हे युरोपातलं छोटं हरीण: वजन वीस-पंचवीस किलो, नराची शिंगं वीतभर, आणि बिथरलं की आपल्या भेकरासारखं भुंकतं. नराला जर्मनमध्ये म्हणतात ‘बॉक’. शब्दाचा अर्थ चक्क बोकड.

गव्हाच्या कडेने, वारा तोंडावर घेत, आम्ही अर्धा तास चाललो. चाललो म्हणजे दहा पावलं टाकायची, थांबायचं, दुर्बीण लावायची. मग बांधावरच्या मचाणावर चढलो. मचाण फक्त दूरवर दिसावं म्हणून नसतं. उंचावरून मारलेली गोळी हरणाच्या पलीकडे जमिनीत रुतते. सपाट शेतात ती पुढे कुठे जाईल याचा नेम नाही, आणि पलीकडे रस्ता होता. जुलै-ऑगस्ट हा माजाचा काळ. म्हाताऱ्यांनी बीचच्या झाडाचं पान ओठांत धरून मादीसारखी बारीक शीळ घातली. तीनदा. मग बराच वेळ काहीच नाही.

नऊच्या सुमाराला सूर्य मावळला. कायद्याने सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंतच रे मारता येतं. रानडुकराला ही सवलत नाही, त्याला रात्रीही मारतात. उजेड सरत आला तेव्हा नर मक्यातून बाहेर पडला आणि आडवा उभा राहिला. एकच गोळी. खाली उतरल्यावर म्हाताऱ्यांनी एक डहाळी तोडून मेलेल्या जनावराच्या तोंडात ठेवली. याला ‘शेवटचा घास’ म्हणतात. टोपी काढून ते क्षणभर उभे राहिले, मग सुरी काढली. मला मळमळलं, हेही सांगायला हवं.

परतताना मी सहज विचारलं, हे शेत तुमचं का? नव्हतंच. आणि ज्याचं होतं, त्याला त्यात गोळी झाडायचा हक्क नव्हता.

हा गुंता 1848च्या क्रांतीतून आला. त्या वर्षी सरदारांचे शिकारीचे हक्क मोडीत निघाले. प्रशियाने 31 ऑक्टोबर 1848 रोजी कायदाच केला: शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकाचा, आणि सरदाराला भरपाई शून्य. तीन शतकांचा राग बाहेर पडला. मिळेल त्या हत्याराने लोक शिकारीला निघाले आणि हरणांची संख्या धडाधड घसरली. दीड वर्षही झालं नाही तोच, 7 मार्च 1850 रोजी, दुसरा कायदा आला. हक्क मालकाचाच, पण तो स्वतः वापरायचा तर सलग 300 मॉर्गेन जमीन हवी. म्हणजे साधारण 75 हेक्टर, आपले सुमारे 185 एकर.

हरणं वाचवायला काहीतरी करणं भाग होतं, हे मान्य. पण नियमाची चाळणी अशी होती की त्यातून छोटा शेतकरी गळला आणि मोठा जमीनदार राहिला. मला यात निव्वळ योगायोग दिसत नाही. आजच्या जर्मन कायद्यातही मर्यादा 75 हेक्टरच आहे, काही राज्यांत जास्त. त्याहून कमी जमीनवाल्यांचा आपोआप एक संघ होतो आणि तो संघ शिकार भाड्याने देतो, सहसा निदान नऊ वर्षांसाठी. संघाच्या बैठकीत ठराव व्हायला माणसांचं बहुमत लागतंच, शिवाय जमिनीचंही. हात मोजतात आणि हेक्टरही मोजतात.

रानातलं हरीण कायद्याने कुणाच्याच मालकीचं नाही. ते मारून ताब्यात घ्यायचा हक्क तेवढा भाड्याने जातो. म्हाताऱ्यांनी तोच घेतलेला.

संघातून बाहेर पडायची सोय नव्हती. शिकार मनाला पटत नाही म्हणणाऱ्या एका मालकाने हा वाद थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेला. 26 जून 2012 रोजी ‘हेरमान विरुद्ध जर्मनी’ खटल्यात तो जिंकला आणि पुढच्या वर्षी कायदा बदलला. लोत्सरच्या शेतकऱ्यांना हरीण मारता यावं म्हणून झगडावं लागलं होतं, याला आपल्या रानात ते मारलं जाऊ नये म्हणून.

छोट्या शेतकऱ्याच्या पदरात मात्र एक गोष्ट पडली: नुकसानभरपाई. जनावराने पीक खाल्लं तर ती संघाने द्यायची, आणि करारात ती बहुतेक वेळा भाडेकरू शिकाऱ्याच्या गळ्यात घातलेली असते. रे तसं पिकाचं फार बिघडवत नाही. त्याच्याविरुद्ध खरी ओरड जंगलवाल्यांची, कारण ते कोवळ्या रोपांचे शेंडे खुडतं. मका लोळवतं ते डुक्कर, आणि ते बिल मोठं असतं.

बाबांना फोनवर हे सांगितलं. क्रांती, न्यायालय वगैरे त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे डुकरानं मका खाल्ला तर शिकारी पैसे देते?”

“हो. कळल्यापासून आठवड्याच्या आत तक्रार करायची.”

“मोजाले कोन येते?”

“नुकसान ठरवणारा माणूस असतो. तो शेतावर येऊन बघतो.”

“येते का पन?”

“येतो, बाबा.”

“पीक उभं असतानाच?”