सांगली आणि औंध : नव्या वसाहतीची दोन संस्थाने

उजाड जागी नवा संसार मांडू पाहणाऱ्यास संस्थानी मुलखात जमिनीच्या कसाबरोबर राजाचा कसही पारखावा लागे. सातारा-सांगलीच्या टापूत अशी दोन संस्थाने होती. सांगली विस्ताराने औंधच्या दुपटीहून मोठी. औंधचा मुलूख औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापुराकडील गुणदाळ असा चार जागी विखुरलेला. नकाशा पाहून कोणीही सांगलीचीच निवड केली असती.

सांगलीची राजधानी हीच मुळी एक नवी वसाहत होती. चुलते गंगाधरराव यांच्याशी वाटणीवरून बिनसल्यावर चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी मिरज सोडली आणि 1801 मध्ये कृष्णाकाठच्या या लहानशा गावी आपली गादी मांडली. गणेशदुर्ग उभा राहिला, गणपतीचे देवालय झाले, पेठा वसल्या. शेजारी हरिपुरास जमिनीत खोल पेवे खणून हळद साठविता येते, हा तर निसर्गाचाच प्रसाद! हळदीच्या व्यापाऱ्यास आणखी काय हवे? उणे एवढेच की, ज्या नदीने गाव पोसले तीच त्याच्या घरांत शिरते. 2005 आणि 2019 चे महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत.

परंतु राजाश्रयावर बिऱ्हाड थाटणाऱ्याची गोष्ट निराळी. विष्णुदास भावे यांनी चिंतामणरावांच्या प्रोत्साहनाने 1843 मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. 1851 मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि मंडळीचा आधार तुटला. नटसंच घेऊन भाव्यांना गावोगाव हिंडावे लागले. 1853 मध्ये ते मुंबईस पोहोचले. मराठी नाटकाला त्यामुळे प्रेक्षक लाभला हे खरे, पण तो लाभ घर मोडल्यानंतरचा. हळदीच्या व्यापाऱ्याला असे उठावे लागले नाही, कारण त्याचा गिऱ्हाईक वाड्यात राहत नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांवर प्रसंग आला तो बेळगावास. नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. त्या वेळी ते औंधास देवालयाच्या सभामंडपाचे काम करीत होते. नुकतेच गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाने माजलेला आणि सापांनी भरलेला माळ! 1910 मध्ये मोजकी कुटुंबे तेथे उतरली आणि निवडुंग तोडण्यापासून आरंभ झाला.

येथे औदार्य महाराजांचे, पण निवडीतील मर्म स्टेशनात आहे. औंधच्या चिमुकल्या संस्थानात लोखंडी नांगर खपून खपणार किती? रेल्वेने ते दूरदूरच्या शेतकऱ्यांकडे गेले. 1920 पासून वाडीचे मासिकही तसेच घरोघर जाऊ लागले. भाव्यांना आश्रय होता, बाजार नव्हता. लक्ष्मणरावांना दोन्ही लाभले आणि आश्रय असतानाच त्यांनी बाजार बांधला.

त्याच औंधकरांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून भिंतीवाचून कैद्यांनाही घर दिले.

1948 मध्ये दोन्ही संस्थाने विलीन झाली. कुंडलचा मुलूख 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. औंध साताऱ्यातच राहिले. औंधच्या राजाने वसविलेली किर्लोस्करवाडी मात्र सांगलीची झाली. नांगरांच्या त्या वाडीत आता पंप तयार होतात.