ओसाड मळ्यांवरचा होला

ग्रेनाडा या छोट्या कॅरिबियन बेटावर एक होला राहतो, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. कपाळ फिकट, छाती गुलाबीसर, पाठ तपकिरी. उडण्यापेक्षा पालापाचोळ्यात चालत बिया टिपणारा. 1884 साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, 1991 मध्ये तो राष्ट्रीय पक्षी ठरला आणि आज त्याची संख्या जेमतेम शे-दीडशे असावी. एवढा दुर्मीळ पक्षी म्हटला की माणसाचे पाऊल न पडलेले जंगल डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ज्या कोरड्या, काटेरी रानात तो तगला, त्यातले बरेचसे जुन्या मळ्यांच्या जमिनीवर पुन्हा उगवलेले आहे. गुलामांच्या कष्टांवर चालणारा साखरेचा धंदा 1838 च्या मुक्तीनंतर ढासळला, भांडवल डोंगरातल्या कोको-जायफळाकडे वळले आणि किनाऱ्याकडची पडीक जमीन झुडपांनी व्यापली. उसाने हिरावलेली जागा उसाच्याच पडझडीने होल्याला काही प्रमाणात परत मिळाली. सोबत एक वैरीही आला. 1872 मध्ये जमैकातल्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला कोलकात्याहून नऊ मुंगूस आणवले. त्यांची प्रजा पुढे ग्रेनाडापर्यंत पोचली. आपल्या गोष्टींत मुंगूस इमानी असतो, पण जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याला तो परवडणारा नाही.

या इतिहासाचा आधार घेऊनच होल्याविरुद्ध युक्तिवाद केला जातो: हे मूळ जंगलच नव्हे, तर त्यासाठी रोजगार का अडवायचा? 1996 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या, बेटाच्या दक्षिणेकडच्या माउंट हार्टमनच्या सरकारी जमिनीवर दहाएक वर्षांतच आलिशान हॉटेलाची योजना आली आणि उद्यान विकता यावे म्हणून कायदाही बदलला गेला. छोट्या देशाची पर्यटनाची गरज खोटी नाही. पण हॉटेलाला दुसरी जागा मिळू शकते, होल्याकडे दक्षिणेचा हा भाग आणि पश्चिम किनाऱ्यावरचा पर्सिव्हरन्सचा परिसर (शेजारी कचरा डेपो!) याखेरीज फारसे काही उरलेले नाही. शिवाय पडीक रानात तो जगला म्हणून कुठल्याही पडीक रानात जगेल, हे गृहीत धरता येत नाही. झाडोरा दाट व्हायला, खाली पाचोळा साचायला दशके लागतात. 2004 च्या ‘आयव्हन’ चक्रीवादळाने असे रान काही तासांत झोपवले आणि पक्षी घटले. म्हणूनच आज होला नसलेली, नुसती वाढत असलेली झुडपेही राखावी लागतील. पुढच्या वादळानंतर त्याला सरकायला तीच जागा असेल.